कशेळ्याची विलायती गाडी

कशेळे, १५ एप्रिल १९७५

सकाळी साडेसातला मी एका गोठ्यात गुडघे टेकून मोटारीखालचे ओंडके काढत होते. बंगल्याचा राखणदार सखाराम जॅकचा दांडा फिरवी, गाडी बोटभर वर उचलली जाई, आणि मी एक ओंडका ओढून बाजूला टाकी. सहा वर्षं ही गाडी या चार ओंडक्यांवर उभी होती. शेवटचा निघाला आणि ती आपल्या चाकांवर बसली, तेव्हा सखाराम कमरेवर हात ठेवून म्हणाला, "टेकली बाई. टेकली एकदाची."

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नावाबद्दलच बोलत बसतात. बाटलीहिरवा रंग, सहा सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, आत लाल कातडी सीटा, समोर अक्रोडाच्या लाकडाची फळी आणि ताशी एकशेचाळीस मैलांपर्यंत आकडे. मुंबईच्या एका शेटजींनी हौसेनं घेतली, सुट्टीच्या बंगल्यावर आणून ठेवली आणि ते वारले. मुलांना ती नको होती. पेट्रोल महागल्यापासून असली गाडी म्हणजे घरी मुक्कामाला आलेला जावई. दिसायला छान, पण पोसवत नाही.

मला मात्र ती हवी होती. पुण्यात माझा भाड्याच्या गाड्यांचा धंदा आहे. होत्या दोन अँबॅसिडर. चिंचवडच्या एका कारखानदाराच्या मुलीचं लग्न १८ तारखेला होतं, आणि त्यांना नवरीसाठी 'चारचौघांत नसलेली' गाडी पाहिजे होती. ती वेळेवर उभी राहिली तर वर्षभर त्यांच्या पाहुण्यांच्या गाड्या माझ्याकडून जाणार होत्या. नाहीतर माझ्या शेजारच्या शिंद्यांकडून. मी एक अँबॅसिडर विकून ही घेतली. आमचे हे शाळेत गणित शिकवतात. त्यांनी या व्यवहारावर एक अक्षर काढलं नाही, फक्त "घाटात जपून" म्हणाले. म्हणजे १८ तारखेला सकाळी दहा वाजता गाडी चिंचवडला उभी नसेल, तर माझ्याकडे एक अँबॅसिडर आणि एक शोभेची वस्तू उरणार होती.

नव्या अँबॅसिडरच्या निम्म्याहून कमी किमतीत ती मिळाली, याला पेट्रोलखेरीज आणखी एक कारण होतं. ब्रेक लागत नव्हते. बंगल्याच्या कारभाऱ्यांनी पूर्वी एक मेकॅनिक आणून दाखवला होता. त्यानं चाकं उघडली, आत काळं तेल पाहिलं आणि सांगितलं, की ब्रेकचं ऑइल चारही बाजूंनी गळतंय, सामान विलायतेहून मागवावं लागेल. त्यानंतर कोणी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं नाही. मी मार्चमध्ये येऊन इंजिन चालू करून पाहिलं होतं. इंजिन उत्तम होतं. ब्रेकचं पुढे बघू म्हटलं. कशेळे ते खोपोली रस्ता बहुतेक सपाट, आणि खोपोलीला माझ्या ओळखीचे दाऊदभाई आहेत, घाटातल्या ट्रकांचे ब्रेक करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं.

एक गोष्ट त्या दिवशी माझ्या पायाला कळली होती. ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं. ऑइल गळत असेल तर पेडल खाली जातं. हे कळूनही मी विचार पुढे नेला नाही. घाई होती. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या बाईला हे शोभत नाही, म्हणून लिहून ठेवते.

निघण्यापूर्वी सखारामच्या घरी न्याहारी झाली. आदल्या दिवशी बाबासाहेबांची जयंती होती. वस्तीत निळ्या पताका अजून तशाच होत्या आणि रात्रभर मिरवणुकीत नाचलेली माणसं डोळे चोळत हिंडत होती. सखारामची बायको पारूबाई हिनं तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. आम्ही ज्वारी खाणारी माणसं. ज्वारीचं पीठ नुसत्या पाण्यात मळूनही थापता येतं, पण तांदळाचं पीठ उकड काढल्याशिवाय वळत नाही. ही भाकरी पांढरी, मऊ आणि फसवी असते. तीन खाल्ल्या तरी पोट विचारतं, मग जेवण कधी? सुकटीनं मात्र कानापर्यंत जाग आली.

"सहा वर्सं पुसतोय मी हिला," सखाराम म्हणाला, "पन एकदा आत बसलो नाय."

"मग चला कर्जतपर्यंत. एसटीनं परत या."

"मागं बसू?"

"पुढे बसा. मागे बसलात तर लोक मला तुमची ड्रायव्हर समजतील."

"समजू द्या की!"

पारूबाई दारातून नवऱ्याला ओरडून म्हणाली, "शेटजी, सांजच्याला घरी या. शेळ्या बांधायच्यात."

पळसदरीचं फाटक, त्याच दिवशी

कर्जत आलं, सखाराम उतरला नाही. मीही उतरा म्हटलं नाही. तो दोन्ही हात मांडीवर ठेवून देवळात बसल्यासारखा बसला होता, आणि ओळखीचं कोणी दिसलं की मान किंचित हलवत होता. मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली होती, पण पळसदरीकडचा रस्ता मोकळा मिळाला आणि तिसरा टाकला. अशा इंजिनाचं एक वाईट असतं. वेग वाढलेला कळत नाही.

वळण घेतलं आणि समोर रेल्वेचं फाटक. बंद. फाटकापाशी डाव्या हाताला एक बैलगाडी उभी, गाडीवान विडी ओढतोय.

मी ब्रेक दाबला. पेडल घट्ट, गाडी तशीच पळतेय. दोन्ही पायांनी दाबला. काही नाही. हँडब्रेक ओढला. तोही नुसता वर आला. दुसरा गिअर टाकला तेव्हा इंजिन किंचाळलं, वेग थोडा मोडला, पण फाटक वीस पावलांवर होतं आणि पलीकडून आगगाडीची शिट्टी ऐकू येत होती. डावीकडे बैल. उजवीकडे भाताचं कोरडं खाचर, त्यात पेंढ्याची उडवी. मी उजवीकडे वळवलं. बांधावरून गाडी उडाली, आपटली आणि काचेपर्यंत पेंढ्यात शिरून थांबली.

फाटकावरून मालगाडी गेली. बराच वेळ गेली. ती संपल्यावर सखाराम पुढे बघतच म्हणाला, "उतरू का आता?"

फाटकवाला धावत आला. "बाई, फाटक दिसत नाय का?"

"मला दिसतं. गाडीला दिसत नाही."

माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात. ते एकेक बोट करून सोडवले आणि खाली उतरले. पुढचा बंपर वाकला होता, एक दिवा फुटला होता, बाकी पेंढ्यानं सांभाळलं होतं. बैलगाडीवाल्यानं बैल सोडून आणले, मागे दोर बांधला आणि गाडी रस्त्यावर ओढून काढली.

"किती घोड्यांची म्हनायची ही?" त्यानं विचारलं.

"दोनशेच्या वर."

"आमच्या दोन बैलांनी काडली." एवढं म्हणून तो खूश होऊन बैल जुंपायला गेला.

मी तिथंच चाक काढलं. या गाडीच्या प्रत्येक चाकामागे ताटलीएवढी लोखंडी चकती असते, आणि ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. चकतीवर काळं, चिकट काहीतरी होतं. बोटाला लावून वास घेतला. ब्रेकचं ऑइल नव्हतं. माझं माहेर फलटणकडचं, बापाच्या चार बैलगाड्या होत्या. एरंडेल आणि जाळलेल्या काडाची राख यांचं वंगण मी शंभर वासांतून ओळखीन.

"सखाराम, हे काय आहे?"

"वंगन." त्याचा चेहरा उजळला. "मीच लावलंय. दर साली पावसाच्या आधी चारी चाकं काडायची, पुसायची, अन् फिरतंय तेवढं समदं माखायचं. बैलगाडीला आमी नाय का करत? एकबी चाक गंजलं नाय, बघा."

माझ्या तोंडावर जे आलं ते लिहिण्यासारखं नव्हतं. मग त्याला चकती दाखवली, पॅड दाखवले, कशानं काय थांबतं ते सांगितलं. त्यानं दोन्ही पॅडना बोट लावून पाहिलं. मग फाटकाकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा उजेड गेला.

"म्हंजे मी मारलं असतं तुमाला."

"आपल्या दोघांना."

"कारभाऱ्यास्नी सांगू नका, बाई. गाडीची किंमत माज्यामुळं पडली म्हनतील, अन् रायची खोली काडून घेतील."

"मी कशाला सांगू? तुमच्यामुळं तर मला परवडली."

पेट्रोलनं चकत्या पुसल्या, पण पॅडनी सहा वर्षं तेल प्यायलं होतं. खोपोलीपर्यंतची पुढची वाट पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं काढली. सखारामनं समोरून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे घरी निरोप दिला. "पारूला सांगा, शेळ्या तूच बांध."

खोपोली, १६ एप्रिल

दाऊदभाईंचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि घाटातून उतरलेल्या ट्रकांची रांग. मूळचे ते श्रीवर्धनकडचे, पण आता तीस वर्षं खोपोलीचे. त्यांनी चारही चाकं उतरवली, सगळं वंगण खरवडून धुतलं आणि मला चकती दाखवली. तोंड दिसेल इतकी स्वच्छ.

"कोनी केला हा उपद्व्याप?"

मी सखारामकडे बोट दाखवलं. तो कोपऱ्यात पाना पुसत बसला होता.

"याला शिव्या देऊ नका, ताई. सहा पावसाळे नुसती राहिली असती, तर या चकत्यांचे पापुद्रे निघाले असते. मग खरंच विलायतेला लिवायला लागलं असतं. यानंच बिघडवली अन् यानंच राखली." मग सखारामला म्हणाले, "पन पुढं कुनाच्या मोटारीला हात लावू नको रं बाबा."

प्रश्न पॅडचा होता. नवं अस्तर मुंबईहून आणून बसवायला तीन दिवस लागणार होते. माझ्याकडे दोन होते. दाऊदभाईंनी डोकं खाजवलं आणि घरात हाक मारली, "जैनब, तवा दे गं जरा."

तेल प्यायलेला पॅड मंद आचेवर भाजला तर तेल बाहेर येतं. ट्रकवाले हे करतात. पण दाऊदभाईंच्या बायकोनं तवा छातीशी धरला. "माझ्या तव्यावर भाकरी भाजतात. गाडीचे पाय नाय."

"अगं, पाहुन्या बाई अडल्यात."

"मग पाहुन्या बाईंस्नी बसायला पाट देते. तवा नाय देनार."

ती बरोबर होती. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. शेवटी पत्र्याचा तुकडा सापडला. त्यावर आठ मोठे पॅड आणि हँडब्रेकचे चार छोटे असे बारा पॅड आम्ही दुपारभर भाजले. ते घाम आल्यासारखे पाझरत होते. सखाराम एकेक उलटत होता, फडक्यानं टिपत होता आणि पुन्हा ठेवत होता. एरंडेलाच्या धुरानं गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून गेली. तेवढ्यात दाऊदभाईंनी रेडिएटर धुतला, कुजलेली रबरी नळी काढून ट्रकची कापून बसवली, ब्रेकमध्ये नवं ऑइल भरलं, बंपर ठोकून सरळ केला आणि खोपोलीच्याच एका दुकानातून साधारण त्याच मापाचा दिवा आणून लावला. दोन डोळे थोडे वेगळे दिसतात, पण नवरीकडे बघणारे लोक दिव्यांकडे बघत नाहीत.

संध्याकाळी गॅरेजमागच्या उतारावर चाचणी घेतली. पहिल्यांदा गाडी घसरली, दुसऱ्यांदा थोडी धरली, तिसऱ्यांदा थांबली. दाऊदभाई खूश नव्हते.

"गार असताना धरतात. गरम झाल्यावर काय करतील ते घाट सांगेल. चढाला ब्रेकचं काम नाय म्हनतात लोक. वर जाताना बंद पडली, की मग कळतं. अन् मागं ट्रक असतो."

"थांबले तर लग्न जातं."

"गेलात तर जीव जाईल, असं नाय म्हनत मी. पन एकटीनं जाऊ नका."

तेव्हा कोपऱ्यातून सखाराम म्हणाला, "चढाला दगडवाला लागतोच की, बाई."

भरलेली बैलगाडी चढाला लागली, की एक माणूस दगड घेऊन मागून चालतो. बैल थांबले की चाकामागे दगड. माझ्या बापाच्या गाड्यांमागेही असा माणूस असे. मोटारीमागे असू शकतो हे मला कधी सुचलं नव्हतं.

"आणि शेळ्या?"

त्यानं खाली पाहिलं. दुपारच्या एसटीनं पारूबाईचं उत्तर आलं होतं. कंडक्टरनं ते गॅरेजसमोर गाडी थांबवून, सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं. "शेटजींना म्हनावं, बाईंची गाडी वर पोचल्याबिगर तोंड दाखवू नका."

बोरघाट, १७ एप्रिल

ऊन चढण्याआधी सहाला निघालो. मागच्या लाल सीटवर गोणपाटात गुंडाळलेले दोन काळे दगड, आणि त्यांच्या शेजारी सखाराम, एक हात दाराच्या मुठीवर. या घाटातून मी शेकडो वेळा गेले आहे. दरी बघावी, झाडं बघावीत, वर पोचून चहा घ्यावा. त्या दिवशी मी दोनच गोष्टी पाहिल्या. पुढच्या ट्रकचं मागचं फळकूट आणि उष्णतेचा काटा.

शिंगरोबाच्या देवळापाशी सखारामनं काच खाली करून नाणं टाकलं. मी म्हटलं, "तुम्ही देव मानत नाही ना?"

"देव म्हनून नाय टाकलं. धनगर व्हता तो. सायबाला वाट त्यानं दावली, अन् जीव बी त्याचाच गेला. वाट दावनाऱ्याचं देनं असतंय."

त्यानंतर दोन वळणांवर पुढचा ट्रक थांबला. मला थांबावं लागलं. सगळ्यात वाईट चढ, मागे एसटी, तिच्या टपावर सामान आणि खिडक्यांतून डोकी. काटा लालच्या कडेला. मी ब्रेक दाबून धरला. गाडी उभी राहिली. मी श्वास सोडला आणि इंजिन बंद पडलं. पेट्रोल तापून नळीतच त्याची वाफ झाली होती. स्टार्टर फिरत होता, इंजिन पेटत नव्हतं.

मग समोरचं फळकूट थोडं लांब गेल्यासारखं वाटलं. ट्रक पुढे गेला नव्हता. आम्ही मागे येत होतो. बोटभर, मग वीतभर. माझा सगळा भार पेडलवर होता आणि हँडब्रेक छातीशी आला होता. आरशात एसटीच्या ड्रायव्हरचं उघडं तोंड दिसलं.

"सखाराम!"

सीट रिकामी होती. मागचं दार सताड उघडं होतं. खालून धप्प असा आवाज आला, गाडीला हिसका बसला आणि ती थांबली. मग दुसऱ्या बाजूला दुसरा धप्प.

"सोडा पाय, बाई," खालून आवाज आला. "बसलीय ती."

मी पाय सोडला. गाडी हलली नाही.

वीस मिनिटं आम्ही तिथं होतो. पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवलं, रेडिएटर गार होऊ दिला. एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून आधी ओरडला आणि मग त्यानंच पाण्याचा कॅन आणून दिला. पुढचा ट्रक हलला. इंजिन पेटलं. क्लच सोडला, चाकांनी रस्ता पकडला, आणि मी ओरडले, "काढा!" आता मध्ये थांबायचं नव्हतं. सखारामला घेण्यासाठीसुद्धा नाही. आरशात तो दगड उचलताना दिसला आणि वळणाआड गेला.

खंडाळ्याला सपाटीवर गाडी बाजूला घेतली आणि उतरून वाट पाहत उभी राहिले. दहा मिनिटांनी तीच एसटी आली. तिच्या पायरीवर सखाराम, काखेत दोन्ही दगड.

"ते कशाला आणलेत?"

"रस्त्यात टाकून कसं चालंल? मागून येनाऱ्याचं चाक चढंल त्यावर. अन् चांगले हायत, गोठ्यात कामाला येतील."

आम्ही स्टेशनसमोर चहा आणि भजी खाल्ली. त्याला कर्जतचं तिकीट काढून दिलं आणि तीन दिवसांची मजुरी दिली. ती त्यानं न मोजता कनवटीला लावली. आगगाडीत बसण्यापूर्वी त्यानं पिशवीतून पत्र्याचा छोटा डबा काढला. वंगण.

"ऱ्हायलं व्हतं थोडं," तो ओशाळून म्हणाला. "आता माज्या काय कामाचं? टाकून द्या पायजे तर."

मी डबा घेतला. पुण्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावर ब्रेक बारा वेळा दाबून पाहिले. बाराही वेळा लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला उठून गाडी धुतली. लाल सीटवर दगडांचे दोन खळगे पडले होते, ते ओल्या फडक्यानं आणि तळहातानं चोळून काढले. मागचं डावं दार उघडलं, तर ते कोल्ह्यासारखं ओरडलं. नवरी याच दारातून उतरणार होती. मी सखारामचा डबा उघडला, आगकाडीच्या टोकानं दोन्ही बिजागऱ्यांना वंगण लावलं, दार पाच-सहा वेळा उघडमीट केलं आणि जास्तीचं पुसून घेतलं. आवाज बंद झाला. डब्याचं झाकण घट्ट लावून तो डिकीत, चाकांपासून लांब ठेवला, हात साबणानं दोनदा धुतले, आणि साडेआठला चिंचवडला जायला गाडी बाहेर काढली.